टाचा घासायचा दगड

दोन राज्यांमधला करार मी एकटीनं घमेल्यात घालून घरी आणला, न्हाणीत बसवला आणि त्याच्यावर टाचा घासल्या. एक-दोन दिवस नाही, अठ्ठेचाळीस वर्षं. हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटायचं, केवढी ही शहाणी म्हातारी!

आता तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर बसले आहे. खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, धान पोटरीला आलं आहे. ज्यांनी धान फक्त ताटात पाहिलं त्यांच्यासाठी सांगते. लोंब बाहेर पडायच्या आधी काही दिवस दांड्याच्या आतच असते. वरून काही दिसत नाही. दांडा नुसता भरल्यासारखा होतो, दोन बोटांत धरला की आत कोणीतरी आहे हे कळतं. दिवस भरत आलेल्या पोरीकडे बायका बोलता बोलता जशी नजर टाकतात, तशी आमच्याकडची माणसं या दिवसांत शेताकडे बघतात. आणि पाऊस नेमका याच वेळी हात आखडता घेतो. आभाळ निळंशार, ऊन पाठीला चावणारं, बांधीतला चिखल कडेनं तडकू लागलेला. पंधरा-वीस दिवसांचा खेळ. तेवढ्यात पाणी मिळालं तर तांदूळ, नाही तर नुसती तणस, गुरांपुढे टाकायचा पेंढा.

मग अख्खं गाव तलावाकडे तोंड करून बसतं. आणि मला माझे दोन आश्विन आठवतात, एक मी नवी नवरी होते तेव्हाचा आणि एक मागच्या वर्षीचा. पहिल्यात मी गाढव होते. दुसऱ्याचं ओघानं येईलच.

सिहोऱ्याहून पुढे, महाराष्ट्र जिथं संपायला येतो तिथं आमचं गाव. नाव लिहीत नाही. लिहिलं तर घरचे म्हणतील, पुन्हा बदनाम केलं. तलाव मालगुजारांच्या काळातला. पाळ आमच्या गावात आणि पाण्याचं पोट पलीकडच्या गावात, म्हणजे मध्यप्रदेशात. पाणी येतं त्यांच्या रानातून, भिजतात आमच्या बांध्या. तलाव हातभर जास्त भरला की त्यांच्या काठचं धान बुडतं, हातभर कमी भरला की आमचं वाळतं. सगळं भांडण त्या हातभर पाण्याचं.

जुन्या माणसांनी त्याच्यावर तोडगा काढून ठेवला होता. तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या सांडव्याच्या भिंतीत एक उभा दगड बसवला होता आणि त्याच्यावर तीन आडव्या रेघा कोरल्या होत्या. वरची रेघ म्हणजे तलाव इथपर्यंत भरायचा, याच्या वर बांध घालायचा नाही. मधल्या रेघेपर्यंत पाणी उतरलं की रोज नाही, एक दिवसाआड सोडायचं. आणि खालची रेघ आली की बस्स. तिच्या खालचं पाणी शेताचं नाही, ते गुरांचं, मासोळ्यांचं आणि दोन्ही गावांच्या घागरींचं. ना सही, ना शिक्का. पुढे राज्यांची हद्द आली, कागद आले, हापिसं आली, पण दोन्ही गावांनी मानला तो हा दगडच. त्या रेघा वाचायला प्रत्येक गावाचा एक राखणदार. आमच्याकडून माझे मामाजी, म्हणजे सासरे. पलीकडून सुकलाल नावाचा एक तरणा माणूस, अंगानं काटकुळा, बोलणं कमी.

मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी आंधळगावच्या विणकराची पोर. आमचं बालपण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेलं, सावलीत, कोरड्या जागी. त्यामुळे माझ्या टाचा म्हणजे, आता सांगायला लाज वाटते, माझा मोठा गर्व. चेहऱ्यानं मी बेताचीच होते, म्हणून असेल. लग्नात पाय रंगवताना एक बाई म्हणाली होती, "पोरीचे पाय पाह्य वो, लोन्याचे!" ते मी इतकं मनावर घेतलं की सप्तपदीत सुद्धा पावलं उचलून उचलून टाकली.

आणि लोण्याचे हे पाय आषाढात थेट रोवण्याला उतरले. दिवसभर चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, रोवायचे, संध्याकाळी पाय धुवायचे, सकाळी पुन्हा चिखल. पोळा येईस्तोवर टाचांना अशा भेगा पडल्या की एकेकीत धानाचा दाणा टाकला असता तर उगवून आला असता. न्हाणीत बसून मी रडायची. दुखत होतं म्हणून नाही. दिवाळीला माहेरी जायचं होतं आणि आंधळगावच्या बायका पहिल्यांदा माझे पाय बघणार होत्या.

त्या भाद्रपदात मोठा पूर आला आणि सांडव्याची एक कड खचली. पाणी ओसरल्यावर मी लुगडी धुवायला गेले, तर उथळ पाण्यात एक लांबट, खरखरीत दगड आडवा पडलेला. त्याच्यावर तीन रेघा. मला वाटलं, कोण्या दयाळू माणसानं बायकांच्या टाचांसाठीच कोरून ठेवला आहे! रेघांवरून टाच फिरवून पाहिली. काय सांगू, डोळे मिटले माझे. इकडेतिकडे बघून दगड घमेल्यात घातला, वर ओली लुगडी झाकली आणि मान मोडेस्तोवर ओझं डोक्यावर घेऊन घरी आले.

"आत्याबाई, न्हानीसाठी दगड आनला."

सासूबाईंनी तो पायानं हलवून पाहिला. "बरं केलं वो. आंधळगावची असून अक्कल हाये तुले."

त्या घरात माझ्या अकलेचं झालेलं ते पहिलं कौतुक. बराच काळ शेवटचंही.

आठवड्याभरानं पाणी सोडायची वेळ आली. धान पोटरीला आलेलं, अगदी आजच्यासारखं. मामाजी सांडव्यावर गेले तर दगड नाही. ते आणि सुकलाल दोघंही दोन दिवस कंबरभर पाण्यात उभे राहून पायांनी चाचपत होते. तिसऱ्या दिवशी मामाजींचा धीर सुटला. चारचौघांत म्हणाले, "तूच काढला, सुकलाल. तुमच्या बांध्या बुडते म्हनून काढला."

"म्या कायले काढीन, काकाजी? दगड गेला तं माह्य कामच गेलं ना!"

"मंग का पान्यानं खाल्ला?"

हे सगळं मामाजी घरी येऊन अंगणात, मोठ्या आवाजात, जसंच्या तसं सांगत होते. आणि मी न्हाणीत होते. उजवी टाच मधल्या रेघेवर. तिथंच थिजले.

सांगायचं ना! पदर सावरून बाहेर यायचं आणि म्हणायचं, हा घ्या तुमचा दगड. दोन मिनिटांचं काम. आज मी त्या पोरीचं बखोट धरून तिला बाहेर ओढलं असतं. पण ती पोर आत बसून विचार करत होती, केवढी विचारी! मामाजींनी सगळ्यांसमोर माणसाला चोर म्हटलं, आता घरची सूनच चोर निघाली तर त्यांनी तोंड कुठं दाखवायचं? हे झालं मोठ्या मनाचं कारण. खरं कारण त्याहून फार लहान होतं. मला वाटलं, लोक हसतील. म्हणतील, बाईनं दोन गावांचा दगड टाचा घासाले नेला. आपल्याला कोणी हसण्यापेक्षा दोन गावं भांडली तर बरी, असं त्या विचारी पोरीनं ठरवलं. मग तिनं दगड उलटा केला. रेघा खाली मातीत, सपाट पाठ वर. आणि घासत राहिली.

दिवाळीला आंधळगावला माझ्या टाचांची वाहवा झाली. तेही लपवत नाही.

दगड गेल्यावर लोकांना रेघा आठवेनात. आठवायच्या, पण प्रत्येकाला आपल्या सोयीच्या. आमच्या लोकांनी सांडव्यावर रेतीची पोती रचली, पलीकडच्यांची शेतं बुडाली. त्यांनी पोती फोडली, आमची वाळली. चिडून त्यांनी गावाची नाली तलावात सोडली. आम्हीही काही मागे राहिलो नाही, पाळीवर उभं राहून घरचा केर पाण्यात ढकलला. होळी आली की तळाचा चिखल दिसेपर्यंत दोघंही पाणी उपसायचे, कारण आपण ठेवलं तर ते नेतील. काठानं बेशरमीची झुडपं माजली. शिंगाडे गेले, कमळं गेली, ढिवरांच्या जाळ्यात मासोळ्यांपेक्षा शेवाळ जास्त येऊ लागलं. घागरी बोअरवेलकडे वळल्या. उन्हाळ्यात पाण्याचा वास घरात यायचा, तेव्हा मी खिडकी लावून घ्यायची. वास माझ्या न्हाणीतूनच येतो आहे असं वाटायचं.

आणि सुकलाल? त्याच्या गावानं त्याला राखणदारीवरून काढलं. तो कुठं लग्नाला गेला की कोणीतरी म्हणायचंच, "सुकलाल आला गा, पाटा-वरवंटा आत ठेवा!" ही मस्करी हद्द ओलांडून इकडे आली. सिहोऱ्याच्या बाजारात मी ती माझ्या कानांनी ऐकली. भाजीवाली हसली, बाजूच्या बायका हसल्या. त्यांच्यासोबत मीही हसले. सुकलाल तिथंच वांगी निवडत होता. त्यानं एक वांगं उचललं, परत ठेवलं आणि निघून गेला. टाचांच्या भेगा कधीच बुजल्या, पण ते वांगं अजून डोळ्यांसमोर आहे.

मामाजी गेले, आत्याबाई गेल्या. सांगायला आता कोणाची आडकाठी नव्हती. पण न बोलण्याचीही सवय लागते, तंबाखूसारखी. रोज वाटतं, उद्यापासून सोडू.

तलावाला शेवटी कोणी हलवलं असेल तर माझ्या सुनेनं, रंजनानं. तिनं तलाव समितीत नाव घातलं आणि पाळीवरून सरळ पलीकडच्या गावात चालत गेली. दोन गावांच्या मधे पाळ आहे, ती रस्ता म्हणूनही वापरता येते, हे तोवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिकडच्या बायकांनी तिला आधी पाणी दिलं, मग शिव्या दिल्या, मग चहा दिला. दोन उन्हाळे दोन्हीकडच्या बायका बेशरम मुळासकट उपटत होत्या. तलावात कुठली वनस्पती राहू द्यायची आणि कुठली काढायची, हे ढिवरांच्या म्हाताऱ्या पाण्यात उभ्या राहून सांगायच्या. पलीकडच्यांनी नाली वळवून रेती-गोट्यांच्या खड्ड्यात सोडली. आम्ही पाळीवरचा उकिरडा हलवला. सगळं जमलं आणि गाडी अडली ती तिथंच, हातभर पाण्यावर. सांडवा किती उंच ठेवायचा? दोन्ही राज्यांचे इंजिनिअर येऊन मोजून गेले, पण एकाच दिवशी कधी आले नाहीत, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत.

मागच्या वैशाखात पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली दोन्ही गावांची बैठक बसली. रंजनानं बजावलं होतं, आज ठरलं नाही तर पावसाळ्यात पुन्हा पोती येतील, पोती आली की नाली येईल, दोन वर्षांची मेहनत पाण्यात. दुपारपर्यंत आवाज चढले. कोणीतरी म्हणालं, "तो जुना दगड असता तं एवढी कटकट नसती." लगेच आमच्याकडचा एक म्हातारा बोललाच, "इचारा ना सुकलालले, कुठं पुरला तं!"

हशा झाला. सगळ्यात मागे, काठी टेकून बसलेला सुकलाल उठला. सत्तरी कधीच ओलांडलेला, कंबर वाकलेली. घराच्या दिशेनं चालायला लागला. त्याची ती पाठ बघितली आणि मला वांगं आठवलं.

"थांबा, सुकलालभाऊ," मी म्हणाले. आवाज असा फाटला की मोहावरचे पक्षी उडाले. "दगड माझ्या न्हानीत हाये."

कोणाला काही कळेना. "कोन्ता दगड, माय?"

"तोच. तीन रेघांचा. म्या नेला. नवी होती तवा. टाचा घासाले."

 रंजना माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आई, ज्याच्यावर बसवून मी दोन्ही लेकरं न्हाऊ घातली, तो?"

"तोच. उलटा हाये."

मग जे हसणं सुटलं! ज्याच्या भीतीनं मी अठ्ठेचाळीस वर्षं दातखीळ बसवून होते ते हेच हसणं, दोन राज्यांचं मिळून. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पलीकडची एक म्हातारी डोळे पुसत ओरडली, "पाय तं दाखव वो तुहे!" मी चप्पल काढून दाखवले. हसू देत. मला तर हलकं हलकं वाटत होतं. फक्त एकच माणूस हसला नाही. सुकलालनं माझ्याकडे पाहिलं, पाहत राहिला आणि वळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दगड उपटला. मी एकटीनं डोक्यावर आणलेला दगड परत न्यायला चार गडी लागले. अक्कल नव्हती तेव्हा मानेत जोर फार होता. धुऊन सुलटा केला तर तिन्ही रेघा काल कोरल्यासारख्या. मी तो उलटा करून लपवला नसता तर माझ्याच टाचांनी त्या कधीच पुसून टाकल्या असत्या. पाठीवर मात्र माझ्या टाचांचा गुळगुळीत खळगा पडला होता.

पण नुसता दगड काय कामाचा? त्याची जागा हवी. सांडव्याला मधल्या वर्षांत दोनदा गिलावा झाला होता, खोबण कुठं कोणाला सांगता येईना. हातभर इकडे-तिकडे झालं की पुन्हा तेच भांडण. माणसं डोकं खाजवत उभी असताना पाळीवरून काठीचा आवाज आला. सुकलाल येऊन भिंतीजवळ बसला. तळहातानं गिलावा चाचपला, काठीनं ठोकत ठोकत पुढे सरकला आणि एका जागी थांबला. "इथं."

छिन्नी चालवली. गिलाव्याखाली दगडाची जुनी खोबण निघाली, काठ अजून धारदार. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसावी तसा दगड आत गेला. दोन्ही गावांचे मोबाइल एकदम वर झाले. तोवर सुकलाल पाळीच्या त्या टोकाला पोचलाही होता.

भाद्रपदात तलाव भरला. पाणी वरच्या रेघेला लागलं आणि दगडावरून, माझ्या खळग्यातून, पातळ पडद्यासारखं पलीकडे वाहू लागलं. त्या दिवशी इकडची माणसं तिकडच्या बांध्या बघायला पळाली. एकही बुडाली नव्हती. आणि मी सांडव्यावर वाकून पाहिलं तर काय! पाणी वरच्या रेघेवर, आणि त्या सगळ्या पाण्यातून खालची रेघ दिसत होती. स्वच्छ, अगदी हात घालावा अशी. मी रंजनाला हाक मारली, तिनं पलीकडच्या बायकांना हाक मारली. मग आम्ही इतक्या जणी वाकलो की एखादी आत पडली असती. ओंजळ भरून प्यायले मी ते पाणी. अठ्ठेचाळीस वर्षांनी.

आणि मग आश्विन. पाऊस थांबला, धान पोटरीला आलं. तलावातून पाणी सोडायच्या दगडी मोरीला आम्ही तुडूम म्हणतो. तिच्या आतल्या बाजूला पायऱ्या, पायरीगणिक एक भोक, आणि भोकात लाकडी डट्टा. जुनी रीत अशी की हंगामाचा पहिला डट्टा दोन्ही गावांच्या राखणदारांनी मिळून काढायचा. पलीकडच्यांनी सुकलालला पुन्हा राखणदार केलं होतं. त्याला आणायला त्याचं गाव वाजतगाजत गेलं. आमच्याकडून कोण? माझ्याच गावातल्या माणसांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दगड हिनंच राखला ना एवढी वर्षं!"

लुगड्याचा काचा मारून मी पायऱ्या उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत, गार. समोर सुकलाल. वैशाखापासून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. डट्ट्यावर त्याचा हात, त्याच्या शेजारी माझा. दोघांच्या हातात मिळून एका तरण्याचंही बळ नव्हतं. ओढला, हलला नाही. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा डट्टा असा सुटला की मी मागे पायरीवर बसले. तुडुमाच्या पोटात गडगडाट झाला, पाळीच्या त्या बाजूनं आरोळी उठली आणि पाणी पाटात पडल्याचा आवाज आला. पाटाबरोबर माणसं धावत होती. एकेका बांधीत पाणी शिरताना दिसत होतं. त्या वर्षी शेवटच्या टोकाची बांधीसुद्धा भरली.

मी वर आले. सुकलालही आला, दम खात. मी हात जोडले. काय म्हणायचं ते वैशाखापासून पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यानं मोहाखाली ठेवलेली पिशवी उचलली, तिच्यातून गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. जड होतं. सोडून पाहिलं तर एक काळा, खरखरीत, ओंजळीएवढा दगड.

"घ्या, बाई," तो म्हणाला. "चारी बाजूनं उलटून-पालटून पाह्यला म्या, याच्यावर कोनाचीच रेघ नाही. आता घासा खुशाल टाचा."